गोदामातील अपघात कसे टाळावेत?

धान्य पिकविण्याइतकेच ते टिकविणे महत्त्वाचे आहे, ही गोष्ट आता खेडोपाडी पटलेली आहे. सोंडे किडे, उंदीर, ओल व बुरशी यांपासून धान्याची राखण कशी करावी, याविषयी पुष्कळ लिहिले जाते आणि शेतकरी बंधू ते आस्थेने वाचतातही. परंतु ज्याच्या पाठीवरून ते धान्य गोदामात जाते व त्याच्याच पाठीवरून बाहेर येते, त्या हमालाच्या जिवाविषयी मात्र क्वचितच कोणी लिहितो. सोसायटीच्या वहीत पोत्यांचा हिशेब रोजच्या रोज लिहिला जातो. हमालाला झालेली दुखापत त्या वहीत कोठेही उतरत नाही.

गावच्या गोदामात हमाली करणारा मनुष्य बहुधा परका नसतो. सुगी आटोपल्यावर चार पैसे मिळावेत म्हणून कामास येणारा अल्पभूधारक शेतकरी किंवा शेतमजूर तोच असतो. धान्य निवडणाऱ्या व झाडलोट करणाऱ्या स्त्रियाही त्याच गावच्या असतात. त्यांच्यापैकी एकाची पाठ निकामी झाली, तर एका घराची पेरणी अडते. म्हणून गोदामात नेहमी उद्भवणारे धोके कोणते व ते अल्प खर्चात कसे टाळता येतील, याचा विचार आपण क्रमाने करू.

थप्पी रचताना व मोडताना

गोदामातील गंभीर अपघातांचे एक प्रमुख कारण म्हणजे थप्पी कोसळणे. पन्नास किलोच्या पोत्यांची दहा थरांची थप्पी घेतली, तर तळच्या प्रत्येक पोत्यावर साडेचारशे किलो भार असतो. अशा थप्पीचा एक कोपरा ढासळला, तर खाली उभा असलेला मनुष्य दबून जाण्यास क्षणाचाही विलंब लागत नाही.

थप्पी कोसळण्यापूर्वी काही लक्षणे दिसतात काय, असे मी एका सोसायटीच्या गोदामातील वयोवृद्ध हमालास विचारले. ते म्हणाले, “दिसतात की साहेब. थप्पी आधी बोलते. मधल्या पोत्याचं पोट फुगतं, शिवणीतनं दाणा गळायला लागतो. तवा जो मागं सरला, तो वाचला.” या अनुभवी उद्गारांत शास्त्रच सांगितलेले आहे. फाटक्या पोत्यातून दाणा गळू लागला की ते पोते बसते, त्यावरील थराचा तोल जातो व सर्व भार एका बाजूस कलतो. ओल लागून तळची पोती मऊ पडली किंवा उंदरांनी ती कुरतडली, तरीही हेच घडते. थप्पीच्या कडेला जमिनीवर धान्याची लहानशी रास दिसली, तर ती नुसती झाडून टाकू नये. दाणा कोठून गळतो हे दुरून पाहावे व ती बाजू वरून उतरवून घ्यावी.

थप्पी लावताना पुढील गोष्टी पाळाव्यात. जमिनीवर लाकडी फळ्यांचे सांगाडे समपातळीत मांडावेत. एक थर उभा व त्यावरील थर आडवा, अशी पोत्यांची सांधेमोड करावी. भिंत बांधताना गवंडी वीट ज्या पद्धतीने लावतो, तीच ही पद्धत होय. पोत्यांची तोंडे आतील बाजूस ठेवावीत. जसजशी उंची वाढेल तसतशी थप्पी किंचित आत घेत जावे. भिंत व थप्पी यांमध्ये सुमारे अडीच फुटांची वाट सोडावी आणि माथ्यावर छपरापर्यंत निदान तीन फूट जागा मोकळी ठेवावी. भिंतीला टेकून थप्पी लावल्यास ती भक्कम होते, ही समजूत चुकीची आहे. धान्याचा रेटा भिंतीवर येऊन भिंतच फुगते आणि तपासणीस वाटही राहत नाही.

थप्पी मोडतानाही घाई करू नये. हाताशी येतात म्हणून पायथ्याची किंवा मधली पोती ओढून काढणे, ही अत्यंत घातक सवय आहे. माल नेहमी वरच्या थरापासून पायऱ्या-पायऱ्यांनी उतरवावा. वर हमाल काम करीत असताना खाली कोणी उभे राहू नये, बसू नये व मुलांना तर दारातही येऊ देऊ नये. दुपारच्या विश्रांतीसाठी थप्पीच्या सावलीत आडवे होण्याची रीत पुष्कळ गोदामांत दिसते. ती बंद करून विश्रांतीची जागा बाहेर नेमून द्यावी.

ओझे किती व कसे उचलावे?

पूर्वी शंभर किलोचे पोते एकट्याने पाठीवर घेणे, ही मर्दुमकीची गोष्ट मानली जात असे. त्याची किंमत पुढे कंबर, मान व गुडघे यांना मोजावी लागे. जिनिव्हा येथील आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ साली अशी शिफारस केली की, प्रौढ पुरुषाने नित्य वाहून न्यावयाचे ओझे ५५ किलोंपेक्षा अधिक असू नये आणि स्त्रियांसाठी ते त्याहून बरेच कमी असावे. आपल्याकडे सरकारी खरेदीचे धान्य आता पन्नास किलोच्या पोत्यांत भरले जाते, तर युरियाचे पोते २०१८ पासून ४५ किलोंचे झाले आहे. तथापि शेतकरी स्वतःचा माल जुन्या मोठ्या बारदानात ठासून भरतो, तेव्हा ही मर्यादा सहज ओलांडली जाते. पोते थोडे हलके भरल्याने बारदानाचा खर्च किंचित वाढेल, परंतु गावातील एका माणसाची कंबर शाबूत राहील.

उचलण्याचीही एक पद्धत आहे. कंबरेत वाकून हिसक्याने पोते उचलू नये. पाय अंतरावर ठेवून, गुडघ्यांत बसून, पोते छातीशी घेऊन मांड्यांच्या बळावर उठावे. ओझे अंगापासून जितके दूर, तितका कण्यावरील ताण अधिक पडतो. वळावयाचे असल्यास कंबर न पिळता पाय फिरवून वळावे. डोक्यावर किंवा पाठीवर पोते देताना दोघांनी मिळून ते उचलून द्यावे. पोत्यास हुक मारताना तो हाताच्या दिशेने कधीही ओढू नये. हुकाने पोतेही फाटते व त्यातून थप्पी कमकुवत होते, म्हणून जेथे शक्य असेल तेथे त्याचा वापर टाळावा.

मोटारीत माल चढविण्याची फळी रुंद, अखंड व आडव्या पट्ट्या ठोकलेली असावी. तिची दोन्ही टोके घट्ट टेकलेली आहेत याची मुकादमाने स्वतः खात्री करून घ्यावी. पावसाळ्यात फळीवर व दारातील फरशीवर बारदान अंथरावे. सांडलेले धान्य लगेच गोळा करावे, कारण सोयाबीन किंवा हरभऱ्याचे गोल दाणे पायाखाली आले, म्हणजे डोक्यावर ओझे असलेला मनुष्य सावरू शकत नाही.

धुरीचा विषारी वायू

किडींच्या नाशासाठी गोदामात ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या वापरतात. हवेतील ओलाव्याशी संयोग होऊन त्यांतून फॉस्फीन नावाचा वायू निघतो. तीन ग्रॅम वजनाच्या एका गोळीतून एक ग्रॅम वायू सुटतो. हे प्रमाण किरकोळ वाटेल, परंतु हिशेब केला असता वस्तुस्थिती ध्यानात येते. दहा फूट लांब, सहा फूट रुंद व आठ फूट उंच अशा बंद खोलीत एका गोळीचा सर्व वायू पसरला, तर हवेच्या दहा लाख भागांत तो सुमारे ५० भाग होतो. ही पातळी जिवास तात्काळ धोका पोहोचविणारी मानली जाते. आठ तासांच्या कामासाठी धरलेली मर्यादा दहा लाखांत अवघी ०.३ भाग आहे.

या कारणास्तव १९६८ च्या कीटकनाशक कायद्यान्वये या गोळ्यांच्या वापरावर कडक निर्बंध आहेत. शासकीय संस्था व परवानाधारक कीडनियंत्रक यांनीच, तेही तज्ज्ञांच्या देखरेखीखाली, त्या वापरावयाच्या आहेत. असे असूनही घरातील ज्वारीच्या कोठीत गोळी टाकून त्याच खोलीत कुटुंब झोपी जाते, असे प्रकार घडतात. त्यांत लहान मुले प्रथम दगावतात. शेतकरी बंधूंना आग्रहाची विनंती आहे की, घरात या गोळ्या कोणत्याही सबबीवर आणू नयेत. घरगुती साठ्यासाठी धान्य कडक उन्हात वाळवून, थंड झाल्यावर स्वच्छ व घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या कोठीत भरणे, हाच सुरक्षित मार्ग होय.

गोदामात धुरी दिली असता थप्पी सामान्यतः पाच ते सात दिवस आच्छादनाखाली ठेवतात. या काळात दारावर कवटीचे चिन्ह, धुरी दिल्याची तारीख व जबाबदार व्यक्तीचे नाव ठळक अक्षरांत लावावे आणि किल्ली एकाच माणसाकडे असावी. गोदामाला लागून कोणाचे राहते घर किंवा पहारेकऱ्याची खोली असल्यास ती रिकामी करावी. मुदत संपल्यावर दारे व खिडक्या शक्यतो बाहेरून उघडाव्यात, हवा खेळू द्यावी व वायुमापक यंत्राने तपासणी झाल्यानंतरच हमालांना आत सोडावे. या वायूस लसणासारखा किंवा कुजक्या मासळीसारखा वास येतो असे सांगतात. परंतु तो वास मूळ वायूचा नसून त्यातील भेसळ द्रव्यांचा असतो. म्हणून वास येत नाही, सबब धोका नाही, असे अनुमान कदापि काढू नये. तोंडाला उपरणे गुंडाळल्याने हा वायू मुळीच अडत नाही. त्यासाठी योग्य गाळणीचा खास मुखवटाच लागतो.

या गोळ्यांवर पाणी पडल्यास वायू एकदम सुटून पेट घेऊ शकतो. म्हणून गळक्या छपराखाली धुरी देऊ नये व त्या आगीवर पाणी न टाकता कोरडी वाळू वापरावी. उरलेली करडी भुकटी उघड्या हातांनी झाडू नये. तिची विल्हेवाट धुरी देणाऱ्या परवानाधारकानेच लावावयाची आहे.

पेवात उतरण्यापूर्वी

सोलापूरकडील भागात व मराठवाड्यात ज्वारी साठविण्याची जुनी पेवे अद्याप काही ठिकाणी आढळतात. साठविलेले धान्यही श्वासोच्छ्वास करते. त्यात ओल शिरली, कीड वा बुरशी लागली, म्हणजे हा व्यापार अधिक वेगाने होतो. बंद पेवातील प्राणवायू खर्ची पडतो व त्याच्या जागी कर्बद्विप्राणिल वायू साठतो. हा वायू हवेपेक्षा दीडपट जड असल्याने तळाशीच राहतो. पेव उघडून लगेच आत उतरणारा मनुष्य काही श्वासांतच बेशुद्ध पडतो.

कंदील सोडून पाहण्याची जुनी रीत आपल्या वाडवडिलांनी अनुभवातून काढली. कंदील विझला, तर आत उतरू नये हे खरेच. परंतु कंदील जळत राहिला, एवढ्यावरूनही निर्धास्त होता येत नाही. इतर विषारी वायू ज्योतीने कळत नाहीत. पेवाचे तोंड उघडून ते निदान एक दिवस तसेच ठेवावे, वारा घालण्याच्या पंख्याने आत ताजी हवा सोडावी, उतरणाऱ्याच्या काखेखालून दोर बांधावा आणि वर दोन धडधाकट माणसे तो दोर धरून सतत बोलत असावीत.

आत गेलेला मनुष्य कोसळला, तर त्याला काढण्यासाठी दुसऱ्याने तसेच उडी घेणे म्हणजे मरणाला आमंत्रण होय. अशा दुर्घटनांत मृत्यू पावणाऱ्यांत मदतीस धावलेल्या भावाचा, मुलाचा किंवा शेजाऱ्याचा वाटा मोठा असतो. दोराने वर ओढावे, वरून हवा सोडावी व अग्निशमन दलास बोलवावे. विहीर, गोबरगॅसची टाकी व शेणखताचा बंद खड्डा यांनाही हाच नियम लागू आहे.

धूळ, यंत्रे, वीज व आग

धान्याची धूळ निरुपद्रवी नाही. तीत बुरशीचे सूक्ष्म कण, किडींचे अवशेष व साली असतात. वर्षानुवर्षे ती छातीत गेल्यास खोकला व दमा जडतो. स्पेनमधील बार्सिलोना शहरात १९८१ ते १९८७ या काळात दम्याच्या साथी वारंवार उद्भवल्या. त्यांचे कारण बंदरावर सोयाबीन उतरविताना उडणारी धूळ हे होते, असे पुढील संशोधनात सिद्ध झाले व धूळ अडविणाऱ्या गाळण्या बसविल्यावर त्या साथी थांबल्या. आपल्या मराठवाड्यात व विदर्भात सोयाबीनची उलाढाल मोठी असल्याने हा धडा आपणही घ्यावा. निवडणी व झाडलोट वाऱ्याच्या दिशेला पाठ करून करावी, दारे उघडी ठेवावीत व नाकातोंडावर चांगल्या प्रतीचा धूळरोधक मुखवटा बांधावा. बुरशी आलेले धान्य हलविताना तर तो अवश्य वापरावा.

चाळणीच्या यंत्राचे पट्टे व फिरते दांडे यांवर जाळी असलीच पाहिजे. यंत्राजवळ धोतराचा सोगा, उपरणे किंवा पदर मोकळा ठेवू नये. अडकलेला माल काढावयाचा असल्यास प्रथम वीज बंद करावी. उघड्या तारा व लोंबकळणारे दिवे ताबडतोब दुरुस्त करून घ्यावेत. लोखंडी शिडी विजेच्या तारेखालून उभी नेऊ नये.

गोदामात विडी-काडीस सक्त मनाई असावी. कापसाच्या गाठी व बारदान यांत ठिणगी आत दडून धुमसत राहते व तासन्‌तास कळत नाही. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ या जहाजावर कापसाच्या गाठी व दारूगोळा एकत्र भरलेला होता. त्यास आग लागून झालेल्या स्फोटांत शेकडो माणसे दगावली व अग्निशमन दलाचे ६६ जवान कामी आले. त्यांच्या स्मरणार्थ तो दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो. एकमेकांस घातक असा माल एका छपराखाली ठेवू नये, हा त्या घटनेचा बोध लहान गोदामासही लागू पडतो. धान्य, खते, कीटकनाशके व इंधन तेल यांसाठी स्वतंत्र जागा ठेवाव्यात. वाळूच्या बादल्या भरलेल्या असाव्यात, आगविझवण यंत्राची मुदत तपासावी आणि बाहेर पडण्याच्या दारापुढे पोती रचू नयेत.

सर्पदंश, विंचू व प्रथमोपचार

उंदरांमागून साप गोदामात येतो. पोत्यांच्या फटीत एकदम हात घालू नये, अनेक दिवस न हललेले पोते प्रथम काठीने हलवावे व अंधारात काम करू नये. साप चावल्यास जखमेवर चीर देणे, ती चोखणे किंवा दोरी आवळून बांधणे हे सर्व अपायकारक आहे. रोग्यास धीर देऊन, दंश झालेला अवयव न हलविता, थेट दवाखान्यात न्यावे. मांत्रिकाकडे घालविलेला वेळ परत मिळत नाही. विंचवाच्या विषारी दंशावर प्राझोसिन हे औषध गुणकारी ठरते, हे महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी दाखवून दिले आहे. तेव्हा विंचू चावल्यासही दवाखाना गाठण्यास विलंब करू नये.

थप्पीखाली सापडलेल्या माणसास हातापायांना धरून ओढू नये. कण्यास इजा झाली असल्यास त्यामुळे तो कायमचा पंगू होऊ शकतो. पोती बाजूस करून त्यास सरळ ठेवावे व फळीवर सरकवून न्यावे. विषारी वायू लागलेल्यास मोकळ्या हवेत आणून कपडे सैल करावेत. दूध, तूप किंवा मिठाचे पाणी पाजू नये. फॉस्फीनवर उतारा असे औषध नाही, म्हणून वेळ हेच औषध समजून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी व औषधाच्या डब्यावरील चिठ्ठी डॉक्टरांस दाखवावी.

जबाबदारी कोणाची?

हमाल आपल्या नशिबाने काम करतो, ही भावना टाकून दिली पाहिजे. कामावर असताना इजा झाल्यास भरपाईची जबाबदारी काम देणाऱ्यावर असते, हे तत्त्व आपल्या देशात १९२३ च्या कायद्यापासून मान्य झालेले आहे. पुण्यात डॉ. बाबा आढाव यांनी हमाल पंचायत उभारली व मुंबईत अण्णासाहेब पाटील यांनी माथाडी कामगारांना संघटित केले. अशा प्रयत्नांतून महाराष्ट्रात १९६९ चा माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांचा कायदा झाला. जेथे या कायद्याचे मंडळ आहे, तेथे हमालांची नोंदणी होऊन त्यांना भविष्यनिर्वाह निधी व इतर लाभ मिळू शकतात. परंतु लहान गावच्या गोदामापर्यंत ही सोय आपोआप पोहोचत नाही. तेथे ती पोहोचविण्याचे काम गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी अंगावर घ्यावयास हवे.

त्यासाठी फार खर्च लागत नाही. सुगीपूर्वी गोदामपाल, मुकादम व हमालांपैकी एक प्रतिनिधी यांना बरोबर घेऊन गोदामाची एक फेरी करावी. फळी, शिडी, तारा, छप्पर, थप्प्यांमधील वाटा व प्रथमोपचाराची पेटी पाहावी. आढळलेले दोष सोसायटीच्या सभेपुढे लेखी ठेवावेत व ते दूर करण्याची तारीख ठरवून घ्यावी. लहानसहान दुखापतींचीही एक नोंदवही ठेवावी. एकाच ठिकाणी दोघे घसरले असे वहीत दिसले, तर तिसरा घसरण्यापूर्वी ती जागा दुरुस्त करता येते. काम धोक्याचे वाटल्यास ते थांबविण्याची मुभा हमालास द्यावी व त्यापायी त्याची मजुरी कापू नये. थप्पी कलल्याचे प्रथम त्यालाच दिसते. ते सांगण्याची त्यास भीती वाटू लागली, तर वर दिलेल्या सूचनांचा काहीही उपयोग होणार नाही.

येत्या हंगामात माल गोदामात येण्यास प्रारंभ होण्यापूर्वी प्रत्येक सोसायटीने ही एक फेरी अवश्य करावी, अशी विनंती आहे.